‘द रेव्हन’ कशी वाचावी: गॉथिक शोककवितेत नव्याने येणाऱ्यांसाठी

अमेरिकन कवी एडगर ॲलन पोची ‘द रेव्हन’ मी तीनदा अर्धवट सोडली. पहिल्यांदा कॉलेजात. अभ्यासाला होती, म्हणून गाइडमधलं रसग्रहण पाठ केलं आणि कविता तशीच राहिली. दुसऱ्यांदा भयकथांच्या नादात हातात घेतली आणि भूत काही येईना म्हणून बाजूला ठेवली. तिसऱ्यांदा वडील गेल्यावर दीड महिन्याने, रात्री एकटीच वाचायला बसले. तेव्हा चौदाव्या कडव्यापुढे जाववलं नाही.

चौथ्या वेळी हातात पेन्सिल होती. एकच काम करायचं ठरवलं होतं: कवितेतला माणूस रेव्हन नावाच्या पक्ष्याला काय काय म्हणतो, त्याखाली रेघ मारायची. त्या रात्री कविता मला पहिल्यांदा नीट दिसली. गॉथिक, म्हणजे रात्र, मरण आणि भयाच्या वातावरणातल्या, कवितेत आपण भूत शोधायला जातो. पण या कवितांमध्ये जे काही अमानवी येतं, ते शोक करणाऱ्याने विचारलेल्या प्रश्नापाठोपाठ येतं. प्रश्नाचं बोट धरलं की वाट सापडते. खालच्या पायऱ्या मी तशाच लावल्या आहेत.

सुरुवात याच कवितेपासून का, तेही सांगते. या परंपरेची मुळं अठराव्या शतकातल्या ब्रिटनमधल्या स्मशानकवींमध्ये आहेत. रॉबर्ट ब्लेअरची ‘द ग्रेव्ह’ १७४३ ची, टॉमस ग्रेची चर्चच्या आवारातली विलापिका १७५१ ची. हे कवी थडग्यांमध्ये बसून सगळ्यांच्याच मरणाचा विचार करतात. पोपर्यंत येता येता ते थडगं घरात शिरलेलं असतं: एक खोली, एक रात्र, एक माणूस आणि गेलेली एकच बाई. ‘द रेव्हन’ २९ जानेवारी १८४५ रोजी न्यूयॉर्कच्या ‘ईव्हनिंग मिरर’मध्ये छापून आली. १८ कडवी, प्रत्येकी ६ ओळी, एकूण १०८ ओळी. एका बैठकीत होते, पण एका बैठकीत संपत नाही.

जवळ काय काय हवं

- मूळ इंग्रजी कविता, कागदावर. पो १८४९ मध्ये गेला, त्यामुळे स्वामित्वहक्काचा प्रश्न नाही. कविता फुकट मिळते. छापून घ्या, समास रुंद ठेवा. पो ही कविता पुन्हा पुन्हा सुधारत होता, म्हणून दोन प्रतींत शब्द वेगळे दिसतील. चौदाव्या कडव्यात कुठे ‘एंजल्स’ असतं, कुठे ‘सेराफिम’, म्हणजेही देवदूतच. दोन्ही शब्द त्याचेच.
- दोन रंगांच्या पेन्सिली.
- इंग्रजी-मराठी शब्दकोश. तिसऱ्या पायरीपर्यंत तो उघडू नका.
- दार लावून मोठ्याने वाचता येईल अशी जागा आणि चार संध्याकाळी.

घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर ही कविता रात्री एकट्याने वाचू नका. मी वाचली आणि मला ती झेपली नाही. कुणाला तरी शेजारी बसवा, किंवा काही महिने थांबा. कविता कुठे जात नाही.

१. आधी गोष्ट सपाट करून घ्या

पहिल्या संध्याकाळी कविता एकदा वाचा आणि पाचसहा वाक्यांत गोष्ट लिहून काढा. अलंकार नकोत, मत नको. माझ्या वहीत असं आहे:

डिसेंबरची मध्यरात्र. लेनोर गेली आहे, तिचं दुःख विसरायला एक माणूस जुनी पुस्तकं वाचतोय. दारावर टकटक होते. दार उघडतो तर बाहेर काळोख. तो हळूच ‘लेनोर?’ म्हणतो आणि तोच शब्द प्रतिध्वनी होऊन परत येतो. मग खिडकीशी आवाज होतो. खिडकी उघडताच एक रेव्हन आत येतो आणि दारावरच्या संगमरवरी पुतळ्यावर बसतो. माणूस बोलत राहतो, पक्षी एकच शब्द बोलत राहतो: नेव्हरमोअर, पुन्हा कधी नाही. पक्षी अजून तिथेच आहे.

वहीत हे लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. लेनोर कुठेच येत नाही. सावली नाही, आवाज नाही, स्वप्न नाही. अख्ख्या कवितेत तिचं नावच काय ते आहे, आणि तेही सगळ्यात आधी तोच उच्चारतो.

२. अर्थ बाजूला ठेवून मोठ्याने वाचा

ही पायरी लोक गाळतात आणि मग कविता लांबलचक वाटते म्हणतात. ती कानासाठी बांधली आहे.

चाल पकडायला एक सोपी युक्ती. ‘जटाटवीगलज्जल’ हे शिवतांडव स्तोत्र बहुतेकांच्या कानात असतं. ते पंचचामर वृत्तात आहे: लघु-गुरू, लघु-गुरू, अशी १६ अक्षरं. त्यातलं पहिलं लघु अक्षर काढून टाका. उरतो तो चामर: गुरूने सुरू, गुरूने शेवट, १५ अक्षरं. ‘द रेव्हन’च्या दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या ओळीचा साचा जवळजवळ हाच आहे. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीला शेवटी एक हलकं अक्षर जास्त असतं, म्हणजे १६. इंग्रजीत लघु-गुरूऐवजी आघात मोजतात, एवढाच फरक. टेबलावर बोटाने ठेका धरून वाचलंत की दोन कडव्यांत चाल तोंडात बसते.

मग सहावी ओळ येते, ७ अक्षरांची. मोठ्या पायऱ्या उतरताना अचानक अर्धीच पायरी यावी तशी. पालुपद तिथे पडतं. पहिल्या सात कडव्यांत सहा वेळा ते ‘नथिंग मोअर’वर थांबतं, दुसऱ्या कडव्यात ‘एव्हरमोअर’वर, म्हणजे ‘कायमचं’वर. आठव्या कडव्यापासून शेवटपर्यंत ‘नेव्हरमोअर’. म्हणजे ‘आणखी काही नाही’ म्हणणारा माणूस ‘पुन्हा कधी नाही’पर्यंत पोचतो, आणि त्यासाठी मधला थोडासाच आवाज बदलतो.

प्रत्येक कडव्यातल्या चार ओळी एकाच यमकावर संपतात: डोअर, फ्लोअर, मोअर, लेनोर. १८ कडव्यांच्या मिळून ७२ ओळी. कान दुसरीकडे वळूच शकत नाही. शोकात डोक्यात एकच वाक्य फिरत राहतं ना, तो अनुभव पोने यमकात बसवला आहे, असं मला वाटतं.

३. अडणारी नावं एकदाच सोडवून टाका

दुसऱ्या संध्याकाळी शब्दकोश उघडा. खरी अडचण पाचच ठिकाणी येते.

पॅलास म्हणजे ग्रीकांची अथेना, बुद्धीची देवता. दारावरचा पांढरा पुतळा तिचा आहे. काळा पक्षी थेट बुद्धीच्या डोक्यावर बसतो.

प्लूटो हा रोमन लोकांचा पाताळाचा देव. ‘रात्रीचा प्लूटोनियन किनारा’ म्हणजे मेलेल्यांचा प्रदेश.

नेपेंथी हे होमरच्या ‘ओडिसी’तलं औषध. हेलन ते दारूत मिसळते आणि पिणाऱ्याला दुःखाचा विसर पडतो.

गिलियडचा मलम बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकातून येतो. ‘गिलियडात मलम नाही काय?’ असा तिथे प्रश्न आहे. जखम भरेल का, एवढाच त्याचा अर्थ.

एडन म्हणजे बायबलमधली आदम-हव्वेची बाग; इथे ती स्वर्गासाठी आली आहे. पो तिचं नाव जरा वेगळं लिहितो.

बाकी शब्द अडले तर अडू द्या.

४. पक्षी बोलतो त्या सहा जागा शोधा

हे काम मुख्य आहे. तिसरी संध्याकाळ पूर्ण द्या.

‘नेव्हरमोअर’ अकरा कडव्यांच्या शेवटी येतं, पण पक्षी तो शब्द सहाच वेळा उच्चारतो. पक्ष्याच्या तोंडचा शब्द एका रंगाने खुणवा, माणसाच्या तोंडचा किंवा मनातला दुसऱ्या रंगाने.

आठवं कडवं. पक्ष्याचा तोरा बघून माणसाला हसू आलंय. गमतीने तो नाव विचारतो. उत्तर: नेव्हरमोअर.

दहावं कडवं. आता तो विचारत नाही, पुटपुटतो. बाकीचे उडून गेले, उद्या हाही जाईल. उत्तर तेच, आणि इथे ते चक्क दिलासा देणारं आहे: मी जाणार नाही. तो दिलासा त्याला ऐकू येत नाही.

अकराव्या कडव्याखाली जाड रेघ मारा. इथे तो स्वतःच उलगडा करतो की पक्षी कुणा दुर्दैवी धन्याकडे होता आणि त्याच्याकडून हा एकच शब्द शिकलाय. म्हणजे इथून पुढे काहीही विचारलं तरी काय उत्तर येणार हे त्याला माहीत आहे.

मग तेरावं कडवं. घाई करू नका. तो खुर्चीत गादीला टेकून बसलाय, जांभळ्या मखमलीवर दिव्याचा उजेड पडलाय, आणि त्याला वाटतं, ती या गादीला आता पुन्हा टेकणार नाही. नेव्हरमोअर. पक्षी गप्प आहे. शब्द त्याच्याच मनातून आला. आमच्या घरी वडिलांच्या आरामखुर्चीच्या कापडावर डोकं टेकायच्या जागी खोबरेल तेलाचा गोल डाग आहे. कापड धुवायला काढायचं की नाही यावर आई आणि मी कधीच बोललो नाही. तेराव्या कडव्यात पक्ष्याचा शब्द माणसाचा होतो, आणि तो होतो एका गादीवरून.

त्यानंतर प्रश्नांची धार बघा. चौदाव्यात तो स्वतःलाच म्हणतो, हे औषध पी आणि लेनोरला विसर. पंधराव्यात: माझी जखम भरेल का? सोळाव्यात: स्वर्गात तरी ती मला भेटेल का? सतराव्यात: चालता हो, माझ्या काळजातली चोच काढ. चारही वेळा तेच उत्तर.

उत्तर माहीत असताना तो का विचारतो? पोने एप्रिल १८४६ मध्ये या कवितेच्या रचनेवर एक निबंध छापला, त्यात याचा खुलासा आहे. थोडी अंधश्रद्धा आणि थोडी स्वतःला छळण्याची ओढ, अशा दोन्हींतून तो माणूस प्रश्न मुद्दामच असे घडवतो की ठरलेल्या उत्तराने जास्तीत जास्त दुखावं. असह्य असतं म्हणूनच ते त्याला हवंसं वाटतं.

एक छोटा सराव करा. ज्या प्रश्नांना ‘पुन्हा कधी नाही’ हे उत्तर मिळालं तर हायसं वाटेल, असे तीन प्रश्न वहीत लिहा. मी लिहिले होते ते असे: तिला पुन्हा वेदना होतील का? ती मला परकी होईल का? ही पहिली रात्र पुन्हा येईल का? तोच पक्षी, तोच शब्द. हे त्या माणसाला कधीच सुचत नाही. हे लिहून झाल्यावर मी पेन्सिल खाली ठेवली आणि बराच वेळ नुसती बसले.

५. आपला कावळा आधी बाजूला ठेवा, मग परत आणा

मराठी वाचकाची हमखास चूक इथे होते. रेव्हन म्हणजे कावळा असं आपण धरतो आणि लगेच पितर आठवतात. रेव्हन कावळ्याच्याच कुळातला, पण डोमकावळ्याहूनही बराच मोठा, जाड चोचीचा. पाळलेला रेव्हन माणसाचे शब्द शिकू शकतो, म्हणून कवितेतला प्रकार सर्वस्वी अशक्य नाही. पोच्या जगात तो पितर नाही आणि पिंडाशी त्याचा संबंध नाही. पहिल्या दोन वाचनांत दहावा डोक्यातून काढून टाका.

तिसऱ्या वाचनाला मात्र तो मुद्दाम आठवा, कारण फरकातून कविता जास्त कळते.

वडिलांच्या दहाव्याला आम्ही वाईला कृष्णेच्या घाटावर होतो. पिंड ठेवला, सगळे लांब सरकले. कावळे समोरच्या झाडावर होते, खाली येईनात. मग काका हात जोडून पुढे झाले. वहिनीला अंतर देणार नाही. घराची वाटणी होऊ देणार नाही. गावचा उत्सव चुकवणार नाही. एकेक वचन द्यायचं आणि झाडाकडे बघायचं. ऊन चढलं. मी मागे बायकांमध्ये उभी होते. मला विचारायचं होतं ते मनातच राहिलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला.

आपल्याकडे जिवंत माणूस पक्ष्यापुढे अशासाठी बोलतो की गेलेल्याची इच्छा कळावी आणि तो सुटावा. योग्य वाक्य सापडेपर्यंत वाक्यं बदलत जायची. पोचा माणूसही पक्ष्यापुढे वाक्यं बदलतो. फक्त त्याची दिशा उलटी आहे: प्रत्येक वाक्य त्याला अधिक घट्ट बांधतं. आमचा पक्षी आला नाही, त्याचा जात नाही. मला ती कविता चौथ्यांदा उघडावीशी वाटली ती यामुळे.

६. दोन सापळे

पहिला: पक्षी खरा की भूत, याचा निकाल लावत बसणं. शिकवलेला पाळीव पक्षी वादळी रात्री उजेडाकडे आला, हे स्पष्टीकरण कवितेतच आहे आणि पोने निबंधातही तेच दिलं आहे. दुसरीकडे चौदाव्या कडव्यात हवा अदृश्य धुपाने जड होते आणि गालिच्यावर देवदूतांची पावलं वाजतात. दोन्ही दारं त्याने उघडी ठेवली आहेत, तुम्ही एक लावून घेऊ नका. निबंधाच्या शेवटी तो पक्ष्याला कधीही न संपणाऱ्या शोकमग्न आठवणीचं प्रतीक म्हणतो. माझ्या मते हे कळायला तेरावं कडवंच पुरेसं आहे.

दुसरा सापळा जास्त पसरलेला: ‘पोची बायको वारली आणि त्याने ही कविता लिहिली.’ तारखा बघा. जानेवारी १८४२ मध्ये गाता गाता व्हर्जिनियाच्या तोंडातून रक्त आलं; तिला क्षय होता. ती गेली ३० जानेवारी १८४७ ला. कविता आली तेव्हा ती जिवंत होती, आणखी दोन वर्षं जगायची होती. ज्यांनी घरात दीर्घ आजारपण काढलंय त्यांना ठाऊक असतं की शोक मरणाच्या आधीच सुरू होतो. पण लेनोर म्हणजे व्हर्जिनिया, असं समीकरण मांडून मोकळं होऊ नका.

७. पुढे काय वाचायचं

क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक कवितेत प्रश्न आणि उत्तराची जागा बदलते.

आधी ‘द अनक्वाएट ग्रेव्ह’, एक जुनं इंग्रजी लोकगीत. प्रेमिक बारा महिने आणि एक दिवस थडग्यावर बसून रडतो, तेव्हा आतून आवाज येतो: मला झोपू न देणारं हे कोण? इथे मेलेलं माणूसच शोक थांबवायला सांगतं. ‘रडून त्याला अडकवू नका’ हे आपल्या आज्यांचं वाक्य माहीत असलेल्याला हे गीत परकं वाटणार नाही.

मग जर्मन कवी ब्युर्गरची ‘लेनोरे’, १७७३ ची. नावातलं साम्य कानाला लागेलच. विल्हेल्म प्रागच्या लढाईवरून परत येत नाही, म्हणून लेनोरे देवाशी भांडते. आई आवरायला बघते, ती ऐकत नाही. मध्यरात्री घोडेस्वार येतो आणि तिला लग्नाला घेऊन जातो. अंथरूण निघतं ते थडगं. तिने मागितलं तेच तिला मिळालं. वॉल्टर स्कॉटने १७९६ मध्ये याचं इंग्रजी रूपांतर केलं, ते वाचायला सोपं आहे.

त्यानंतर पोचीच ‘ॲनाबेल ली’. तो ७ ऑक्टोबर १८४९ ला गेला आणि दोन दिवसांनी ती छापून आली. तिच्यात प्रश्न उरलेलाच नाही.

शेवटी टॉमस हार्डीची ‘द हाँटर’. १९१२ मध्ये त्याची बायको एमा गेली, त्यानंतरची. इथे बोलणारी तीच आहे. ती रोज नवऱ्याच्या मागे मागे फिरते, तो तिला हाक मारतो, ती ऐकते, आणि तिचं उत्तर त्याच्यापर्यंत पोचत नाही. ‘द रेव्हन’नंतर ही वाचलीत तर दोन्ही कविता एकमेकींशी बोलायला लागतात.

८. ‘नेव्हरमोअर’ मराठीत आणून बघा

चौथी संध्याकाळ यासाठी. अख्ख्या कवितेचं भाषांतर करू नका, त्या एकाच शब्दाचं करा. अटी कडक आहेत. तो पक्ष्याचं नाव म्हणून चालला पाहिजे, प्रत्येक प्रश्नाला उत्तर म्हणून चालला पाहिजे, आणि लेनोरशी यमक जुळलं तर उत्तम. पोने निबंधात म्हटलंय की लांब ओ आणि र हे दोन आवाज त्याला हवे होते.

‘कधीच नाही’ हे उत्तर म्हणून ठीक, पण त्यात राग येतो. ‘पुन्हा नाही’ अर्थाला जवळचं, पण एखादी चूक केलेलं मूल बोलतंय असं वाटतं. आवाजासाठी मी ओर-कारान्त शब्द लिहून काढले: घोर, थोर, दोर, पोर. ‘घोर’ जवळ येतो, जिवाला लागतो तो घोर. पण तो उत्तर देत नाही.

शेवटी यमक सोडून दिलं. वडील गेल्यावर तीनचार महिन्यांनी घरच्या फोनवर कुणीतरी त्यांच्या पेन्शनच्या कामासाठी फोन केला. ‘आहेत का?’ असं विचारलं. आईने रिसीव्हर कानाला लावून, खिडकीकडे बघत सांगितलं, ‘ते आता नाहीत.’ पलीकडच्या माणसाला कळलं नाही, त्याने विचारलं, मग कधी भेटतील?

‘आता नाही.’ माझ्या वहीत सहाही जागी तेच लिहिलेलं आहे.